सुटकेसमधल्या बरण्या

फ्राउ डोर्शनी बरणी माझ्या हातात ठेवली आणि मी ती उघडेपर्यंत त्या जिन्यावरून हलल्या नाहीत.

"उघड. वास घे."

मी झाकण फिरवलं आणि नाक जवळ नेलं. मोहरी फेसताना पातेल्यात डोकावलं की झणका कसा थेट कपाळात चढतो, तसा चढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी बरणी लांब धरून उभी, आणि फ्राउ डोर्श मांडीवर थाप मारून हसतायत.

"गुट?"

"गुट," मी म्हणाले.

गुट म्हणजे छान. तेव्हा मला जर्मनचे पंचवीस-तीस शब्द येत होते आणि त्यातला हा सगळ्यात कामाचा होता. घरमालकीणबाई काहीही दाखवोत, मी आपली गुट म्हणायची. खरं तर बरणीतलं मी जिभेलासुद्धा लावलं नव्हतं. पण डोळ्यांतलं पाणी बघून त्यांना वाटलं, पोरीनं चाखलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

ही चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि लग्न होऊन नऊ महिने झाले होते. ह्यांचं नाव बाहुबली मगदूम. नावाला बाहुबली, वजन बावन्न किलो. ह्यांना जर्मनीत अडीच वर्षांचं काम मिळालं होतं, ठिकठिकाणच्या कारखान्यांत यंत्रं बसवण्याचं. महिन्यातले तीन आठवडे हे बाहेरगावी असायचे. मी एरलांगेन शहराजवळच्या एका खेड्यात, वरच्या मजल्यावर. खाली फ्राउ डोर्श, वय वर्षं चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. वर एक बाई एकटी, खाली एक बाई एकटी, आणि मधे लाकडी जिना.

सांगलीजवळच्या आमच्या गावात मी जन्मात कधी एकटीनं ताट घेतलं नव्हतं. इथे आल्यावर मी कुकरशी बोलायला लागले. "झाली का रे शिट्टी?" असं त्याला विचारायची, आणि तो शिट्टी द्यायचा तेव्हा खरंच बरं वाटायचं. हसू नका. सलग सहा दिवस कानावर मराठी शब्द पडला नाही की माणूस कुकरलाही मामा म्हणतो.

बरणीत जे होतं त्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिश म्हणतात. त्या गावचे लोक क्री म्हणत. हातभर लांब मूळ, बाहेरून मातकट, आतून पांढरंशुभ्र. अख्खं मूळ हुंगलं तर काही नाही, किसलं की मात्र घर सोडून पळावंसं वाटतं. गावातल्या निम्म्या घरांच्या मागे त्याचे वाफे होते. फ्राउ डोर्श तरुणपणी पाठीला टोपली बांधून गावोगाव क्री विकत हिंडलेल्या. आता परसात एकच वाफा उरला होता. खिडकी उघडी टाकून, डोकं बाहेर काढून त्या तो किसायच्या, वर व्हिनेगर आणि चिमूटभर साखर-मीठ घालून बरणीत दाबायच्या.

आणि मी ते खाऊ शकत नव्हते.

आम्ही जैन. आमच्या घरी तसा बटाटा चालायचा, फक्त चातुर्मासात आणि पर्वाच्या दिवसांत बंद. पण मी निघायच्या आदल्या दिवशी आई मला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, घेऊन गेली. तिथे एक महाराज मुक्कामाला होते. आई म्हणाली, "तिकडं लोक वाट्टंल ते खात्यात. एक तरी दावं गळ्यात असू दे, म्हंजे भरकटणार न्हाईस." मी महाराजांसमोर हात जोडून नेम घेतला. परत येईपर्यंत कंदमूळ खाणार नाही. कांदा, बटाटा, मुळा, गाजर, जमिनीखालचं काही नाही. मूळ उपटलं की अख्खं झाड जीवानिशी जातं, म्हणून ते खायचं नाही. लहानपणी मी आईशी वाद घातला होता, की आपल्या शेतात हळद पिकते, तीही कंदच की. आई म्हणाली होती, "वाळिवली की चालती. गप जेव."

तेव्हा पहिल्याच दिवशी "मी मूळ खात नाही" एवढं सांगायला हवं होतं. पण नेमाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आणि खरं कारण वेगळंच होतं. बाई आपण होऊन माझा जिना चढून आली होती. नाही म्हटलं तर परत येईल का, ही धास्ती होती.

दुसरी पंचाईत आमच्या रीतीची. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. बरणी तर भरलेली होती, म्हणून मी दुसऱ्या डब्यात शंकरपाळ्या घालून खाली नेऊन दिल्या. त्या डब्याबरोबर दुसरी बरणी आली. मी बेसनाचे लाडू केले. तिसरी बरणी आली, आधीच्यांपेक्षा मोठी. माझा शिष्टाचार वाढत गेला तशा बरण्या वाढत गेल्या. अन्न टाकायचं नाही ही आईची दुसरी शिकवण, तेव्हा फेकायची सोय नव्हती. पलंगाखाली आमची लाल सुटकेस होती, भारतातून आणलेली. मी बरण्या तिच्यात रचायला लागले.

पण त्या बरण्यांनी मला एक दिलं. रोज चारच्या सुमारास खालून हीटरच्या पाइपवर चमच्यानं तीनदा ठकठक व्हायची. म्हणजे कॉफी तयार आहे, ये. मी केस नीट करून खाली जायची. आमचं बोलणं म्हणजे निम्मे हातवारे आणि निम्मी खिशातली इंग्रजी-जर्मन डिक्शनरी. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे एवढंच.

"काल कशाबरोबर खाल्लंस?" त्या विचारायच्या.

"भाताबरोबर."

"भाताबरोबर!" त्यांना भारी मौज वाटायची. "माझा नवरा, गेओर्ग, हे ऐकायला हवा होता. आणि झोंबलं?"

"खूप झोंबलं."

मग त्या खूश होऊन माझ्या पेल्यात आणखी दूध ओतायच्या. मी इतकं खोटं बोलले, इतकं खोटं बोलले, की शेवटी शेवटी भाताबरोबर क्री कसा लागतो हे मला पाठ झालं होतं.

आईची पत्रं यायची. ती सांगायची आणि दादा लिहायचा. पावसापाण्याचं, हळदीच्या भावाचं, आणि शेवटी दर वेळी एकच ओळ: 'नेम चालू आहे ना? इकडेही चालू आहे.' मी उत्तरात लिहायची, 'हो आई, चालू आहे.' ते तेव्हा खरं होतं.

जानेवारीच्या अखेरीस मला ताप भरला. हे ब्रेमेनला. मी दोन दिवस खाली गेले नाही, पाइप वाजला तरी गेले नाही, तेव्हा फ्राउ डोर्श स्वतः वर आल्या. कपाळाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटल्या. मी थंडीनं कुडकुडत होते. त्यांनी कपाट उघडून पांघरूण शोधलं. मग वाकून पलंगाखाली पाहिलं.

सुटकेस ओढल्याचा आवाज आला. मग कुलपाची खिट्टी.

मी मान वळवली. त्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. एक बरणी हातात घेऊन त्यांनी ती उजेडाकडे धरली. झाकणावर त्यांच्याच हातची चिठ्ठी होती, 'ऑक्टोबर'. दुसरी उचलली. सगळ्या भरलेल्या. बरण्या होत्या तशा ठेवून त्यांनी सुटकेस बंद केली, खालून स्वतःची रजई आणून माझ्या अंगावर घातली, चहाचा थर्मास उशाशी ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

ताप चार दिवसांत उतरला. पण चार वाजता पाइप वाजेना.

पहिले दोन दिवस मी म्हटलं, त्यांचं काही काम असेल. तिसऱ्या दिवशी मी चारला केस नीट करून, साडी बदलून, पाइपजवळ खुर्ची ओढून बसले. खाली त्यांची पावलं ऐकू येत होती. कपाट उघडल्याचं, बशी ठेवल्याचं ऐकू येत होतं. एकच बशी. जिन्यात गाठ पडली तर त्या "नमस्कार" म्हणून बाजूला होत, अनोळखी माणसाला म्हणावं तसा. असे सतरा दिवस गेले. ह्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. हे म्हणाले, "एवढंच ना? सॉरी म्हणून टाक." पुरुषांना सगळं टाकायचंच असतं. माझ्यासाठी त्या घरात, त्या देशात, माझं नाव घेऊन हाक मारणारं ते एकच माणूस होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

अठराव्या दिवशी भर दुपारी मी सुटकेस उचलली आणि जिना उतरले. बरण्या एकमेकींवर आपटत होत्या. दार वाजवलं. फ्राउ डोर्शनी दार उघडलं, सुटकेस बघितली आणि म्हणाल्या, "चाललीस?"

"नाही."

मी रात्रभर डिक्शनरी घेऊन चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. मी तिथेच उंबऱ्यात बसले, सुटकेस उघडली, पहिली बरणी काढली आणि पदरात बांधून आणलेला चमचा काढला. त्यांच्याकडे बघत चमचा भरला आणि तोंडात घातला. महाराज आठवले नाहीत. आई आठवली, पण तोवर चमचा तोंडात होता. दुसरं कुठलं वाक्य मला येत नव्हतं.

आणि काही झालं नाही. जीभ भाजली नाही, नाकात झणका नाही. आंबट, ओलसर भुसा. मी चावत राहिले, वाट बघत राहिले.

फ्राउ डोर्श माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, थोडं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे मेलंय," त्या म्हणाल्या. "हीटरच्या उबेत चार महिने! पिवळं पडलंय बघ. किसल्यावर क्री टिकत नाही गं. लगेच खायचा असतो."

म्हणजे जे चाखायचं नाही म्हणून मी एवढी खटपट केली, ते मी चाखलं तेव्हा त्यात काही उरलंच नव्हतं. नेम मोडला तोही भुशापायी. मला रडू यायला हवं होतं, तेही येईना.

त्यांनी गमबूट चढवले, फावडं घेतलं आणि मला खूण केली. त्या आठवड्यात बर्फ वितळलं होतं. परसातल्या वाफ्यात वर काहीच दिसत नव्हतं, पण त्यांना जागा माहीत होती. फावडं तिरपं घालून त्यांनी एक मूळ उपसलं. खाली टोक तुटून मातीत राहिलं.

"राहिलं की आत," मी म्हणाले.

"राहू दे. येतं ते परत."

स्वयंपाकघरात त्यांनी मूळ धुतलं, सोललं, खिडकी उघडली आणि किसायला घेतलं. मी शेजारी उभी होते. दोघींचे डोळे गळायला लागले. काळ्या पावाच्या तुकड्यावर लोणी, त्यावर ताजा पांढरा कीस. मी खाल्लं. नेम तर मोडलाच होता. ह्या वेळी मात्र तो कपाळात चढला, कानात उतरला, आणि मला जे रडू फुटलं ते क्रीचं नव्हतं. मी आईला हाका मारत रडले. फ्राउ डोर्शनी मला थांबवलं नाही. त्या किसत राहिल्या.

मग आम्ही टेबलाशी बसलो आणि मी डिक्शनरी उघडली. एकेक शब्द दाखवत सांगितलं. वचन. आई. मूळ नाही. मूळ काढलं की झाड मरतं.

"मरतं?" त्या म्हणाल्या. "हे? अगं, त्या वाटेवरचा क्री मी वीस वर्षं मारतेय. फरशीच्या फटीतून उगवतो. तो मला पोचवून मग मरेल." मग त्यांनी पुन्हा डिक्शनरीकडे बघितलं, 'वचन' ह्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. "आणि आज खाल्लंस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

मी मान हलवली.

त्या टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागल्या. "गेओर्ग गेल्यावर मी किसणं सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी कोण किसतं? तू आलीस, मग परत किसणी काढली. मला वाटायचं, वर कुणीतरी खातंय." मग नाक पुसून जवळजवळ रागावूनच म्हणाल्या, "सांगायचं होतंस मला. मी पानं दिली असती."

एप्रिलात त्यांनी खरंच कोवळी पानं खुडून दिली. मी मुगाची डाळ घालून, तेलात मोहरी-हिंग तडतडवून त्यांची पालेभाजी केली. जरा मुळ्याच्या पाल्यासारखी लागते. त्यांनी दोनदा वाढून घेतली आणि जन्मभर आपण ती पानं खतात टाकली म्हणून हळहळल्या. त्यानंतर दोन वर्षं रोज चार वाजता पाइप वाजला.

आईचं पत्र आलं. 'नेम चालू आहे ना? इकडेही चालू आहे.' मी पेन घेऊन पुष्कळ वेळ बसले. खालच्या बाईशी खोटं बोलणं मी एवढ्या जिवावर येऊन थांबवलं होतं. आणि आता आईला काय लिहू? दावं तुटलं? ती सात हजार किलोमीटरवर बसून झुरेल, दादाला पुन्हा पुन्हा वाचायला लावेल. मी लिहिलं, 'हो आई, चालू आहे.' नंतरच्या प्रत्येक पत्रात तेच लिहिलं. सवय झाली की हात आपोआप लिहितो.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये आम्ही परत आलो. निघताना फ्राउ डोर्शनी मला दारात धरून ठेवलं. गाडी वळेपर्यंत मी मागे बघत होते, आणि त्या दारातच होत्या.

गावी पोचले त्या दिवशी आईनं सगळ्यांना पंगतीला बसवलं. मला आपल्या शेजारी घेतलं. मी आईकडे बघत होते. ती किती वाळली होती. गालाची हाडं वर आली होती, हात काटक्या झाले होते. मला वाटलं, वय झालं.

वहिनीनं माझ्या ताटात बटाट्याची भाजी वाढली, पिवळीधमक, वर कोथिंबीर. मग आईच्या ताटात, डाव्या बाजूला, चिमूटभर मीठ वाढलं, आणि वाढताना वहिनीचे डोळे भरून आले.

"आज दोघींचं पारणं," आई म्हणाली.

"दोघींचं?"

"तू नेम घेऊन बाहेर चपला घालत हुतीस, तवा मी मागं ऱ्हायले न्हवं का? महाराजांम्होरं उभारले. म्हटलं, लेक तिकडं परमुलखात एकटी नेम पाळणार. तिला सोबत नगं व्हय? ती परत येस्तोवर मी मीठ सोडलं."

"अडीच वर्षं?"

"पैल्यांदा जड गेलं. मग तुझं पत्र यायचं, चालू हाय म्हणून. म्हटलं, पोर पाळतीया, मला काय धाड भरलीया?" आई हसली. "नेम सांगत फिरायचा नसतो, म्हणून कसला ते दादाला लिवू दिलं न्हाई."

तिनं चिमटीतलं मीठ आपल्या अळणी आमटीत कालवलं, एक घास घेतला, आणि तोंड कसनुसं केलं. "खारट लागतंय गं," ती म्हणाली. तिला त्याचंही हसू आलं. "हूं, आता तू खा. बटाटा खा."

मी भाजीचा घास हातात धरला. तो वर जाईना. सगळे माझ्याकडे बघत होते. एक घास खाल्ला असता तर संपलं असतं. आईला आयुष्यभर कळलं नसतं. मी घास ताटात ठेवला.

"आई, माझा नेम मोडला."

दादाचं जेवण थांबलं. आईनं बोटं ताटात तशीच ठेवली.

"कवा?"

"पहिल्याच वर्षी. फेब्रुवारीत."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती. ती रुसली होती. मला दुसरं कुणी नव्हतं आई."

आई मिठाकडे बघत बसली. मनातल्या मनात ती महिने मोजत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

"मग मला कळवायचं न्हाईस व्हय गं?"

"तू रागावली असतीस."

"रागावले असते की. चार दिस रागावले असते," आई म्हणाली. "आन् पाचव्या दिशी मीठ खाल्लं असतं."